सव्वाएक्कावन्न इंच

ती गाडी सुरू झाली की आमच्या शेडच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडायची आणि शेजारच्या अॅल्युमिनियमवाल्याच्या पत्र्यावर जाऊन बसायची. बंद झाली की परत यायची. सात आठवडे त्यांचा हाच उद्योग चालला होता. आठ सिलिंडरांचं अमेरिकन इंजिन, लांबलचक नाक, दोनच दारं, आणि मागे बसणाऱ्यांनी पाय घरी ठेवून यावं अशी सोय. रंग मोरपंखी. माझ्या मुलीला परवा त्या गाडीचा फोटो दाखवला तर ती म्हणाली, "मॉम, दॅट्स सिक!" हे कौतुक असतं, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा कुणी तसं म्हटलं असतं तर मी खरं मानलं असतं, कारण गाडी आली तेव्हा आजारीच होती. तिच्या गिअरबॉक्सचे दात तुटले होते आणि मागच्या चाकांना फिरवणारं क्राउन-पिनियन कुत्र्यासारखं विव्हळत होतं.

शेड होती उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आणि आम्ही राहायचो दुबईत, करामामध्ये, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. समोर केरळी हॉटेल, खाली इस्त्रीवाला, आणि खिडकीतल्या एसीचं पाणी टपटपत त्या इस्त्रीवाल्याच्या छपरावर. अण्णा पहाटेच निघायचे. ते मूळचे कोल्हापूरचे, लेथवर वाढलेले. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं, जनरेटर, ट्रकचे गिअरबॉक्स, जे येईल ते दुरुस्त करायचे. आई घरी ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनची खडखड, पहाटेची अजान आणि कांदा-लसूण मसाल्याची फोडणी या तीन गोष्टींवर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी अण्णांबरोबर शेडवर. तिथे माझं काम इंग्रजीचं. ई-मेल, कॅटलॉग, पार्ट नंबर. अण्णांना कुठलाही पार्ट हातात घेतल्यावर समजायचा, पण कागदावर दिसला की ते त्याच्याकडे सासरकडच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचे.

गाडी अबू जासिम यांची होती. ते आमचे स्थानिक भागीदार. त्या काळच्या नियमाप्रमाणे कागदावर धंद्यातले एक्कावन्न टक्के त्यांचे. हल्ली असा भागीदार लागत नाही म्हणतात. तेव्हा वर्षातून एकदा लायसन्सच्या कागदावर त्यांची सही लागायची, आणि त्या सहीवर शेड, अण्णांचा व्हिसा आणि त्या व्हिसावर आईचा नि माझा असे सगळे एकाखाली एक लटकलेले होतो. माणूस वाईट नव्हता. समुद्रावरून आले की आमच्यासाठी हमूर मासा पाठवायचे, आणि आई त्याचं असं कालवण करायची की इस्त्रीवाला वर येऊन विचारायचा. धमकी त्यांनी कधीच दिली नाही. पण धमकी न देणाऱ्या माणसाला घाबरण्यात जी मेहनत पडते ती निराळीच.

झालं असं की कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती. अबू जासिम यांच्या तिन्ही भावांच्या गाड्या तीत होत्या. मिरवणुकीनंतर चौघे भाऊ हायवेवर गाड्या पळवणार होते आणि अण्णा अबू जासिम यांच्या शेजारच्या सीटवर बसणार होते. हा मान होता. अण्णांनी तो करामातल्या अर्ध्या मराठी लोकांना सांगून टाकला होता आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या अर्ध्यांनी. मिरवणुकीच्याच महिन्यात लायसन्स संपत होतं.

पहिला पेच मागच्या दातांचा. क्राउन-पिनियन कुठलं घ्यायचं? मोठ्या आकड्याचं घेतलं तर गाडी सिग्नलवरून उसळी मारते, पण हायवेवर इंजिन बोंबलत राहतं. लहान आकड्याचं घेतलं तर हायवेवर शांत, पण सुरुवातीला म्हैस. ज्या देशात नंबरप्लेटवरचा आकडा जितका लहान तितका माणूस मोठा, त्या देशात अबू जासिम यांना इथे मात्र कॅटलॉगमधला सर्वांत मोठा आकडा हवा होता.

"ये वाला," त्यांनी बोट ठेवलं. "सबसे बड़ा."

अण्णा म्हणाले, "जी, बहुत अच्छा." अण्णा त्यांना दुसरं काही कधी म्हणतच नसत.

मी म्हणाले, "ये लगाया तो हायवेपर आपको आपकी खुद की आवाज नहीं सुनाई देगी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं ते नुसतं पाहिलं नाही. आमचे मेकॅनिक, पेशावरचे शौकत चाचा, एकदम एक स्वच्छ पाना पुसायला लागले. अबू जासिम यांनी विचारलं, "और भाई लोग की आवाज?"

"वो भी नहीं."

"वो अच्छा है," ते म्हणाले आणि हसले. मग मी कागदावर सगळं मांडलं. मधल्या आकड्याचं क्राउन-पिनियन आणि जुन्या चार गिअरांऐवजी पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स, म्हणजे उसळीही राहील आणि पाचव्यात इंजिन दमही खाईल. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. "खलास. बिंत जो बोले, वो." बिंत म्हणजे मुलगी. त्या दिवसापासून अण्णांनी पार्टचा प्रत्येक निर्णय मला विचारून घ्यायला सुरुवात केली आणि मी एकोणिसाव्या वर्षी जितकं फुगता येतं तितकी फुगले. दुसऱ्यांचा डामडौल मला लांबून ओळखू येतो. स्वतःचा अजूनही फोटोत बघितल्याशिवाय कळत नाही.

गिअरबॉक्स आला, बसला. क्राउन-पिनियनही बसलं. पण नवा गिअरबॉक्स जुन्याहून लांब, त्यामुळे या दोघांना जोडणारा मधला दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, नव्या मापाचा करून घ्यावा लागणार होता. शारजातला पंजाबी लेथवाला तो करून देत होता. पण अबू जासिम यांना दांडाही अमेरिकेचाच हवा होता, का तर मोठ्या भावाच्या गाडीचा अमेरिकेचा होता. मी तिकडच्या दुकानाला लिहिलं. माप कळवा, ते म्हणाले. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडापासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या क्रॉसपर्यंत, गाडी चारी चाकांवर उभी असताना. आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर या खेपेत येईल, नाहीतर तीन आठवड्यांनी. तीन आठवड्यांनी मिरवणूक होऊन गेलेली असणार होती.

आणि तो दिवस खंडेनवमीचा होता.

शेडच्या मागच्या बाजूला पडदा लावून अण्णा दरवर्षी हत्यारांची पूजा करायचे. पाट, त्यावर पाने, हातोड्या, व्हर्निअर, मायक्रोमीटर, शौकत चाचांचा आवडता बावीसचा पानासुद्धा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आईनं करामातून आणलेल्या पुरणपोळ्या. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. स्टीलच्या तिन्ही टेपा त्या पाटावर होत्या, झेंडूखाली.

"अण्णा, एकच टेप. दोन मिनिटं."

"आज न्हाई."

"तीन आठवडे जातील."

"वैजा, हत्यार वर्षभर आपलं ऐकतं. एक दिवस आपण त्याचं ऐकायचं. लई मागणं न्हाई ते."

अण्णा एरवी कशातच कर्मठ नव्हते. एकादशीला अंड्याचं सँडविच खाताना मी त्यांना पाहिलं आहे. पण एवढ्या एका गोष्टीत ते हलायचे नाहीत. मी शिकलेली मुलगी, मला यात लगेच पळवाट दिसली. आई शेजारच्या शेडींमध्ये पुरणपोळी वाटायला गेली होती. तिची पर्स खुर्चीवर होती आणि पर्समध्ये तिची शिवणाची कापडी टेप, पिवळी, एका टोकाला पितळी पट्टी. तिची पूजा झालेली नव्हती, म्हणजे ती हत्यार नव्हती. असा निकाल मी माझ्यापुरता दिला. पर्स उघडताना अण्णांकडे बघितलं. ते पाठमोरे, समईची वात सारखी करत होते. मी गाडीखाली शिरले, पलीकडचं टोक शौकत चाचांनी धरलं.

"कितना?"

"सवा इक्यावन."

एक्कावन्न! आमच्याकडे देणगीचा शुभ आकडा, धंद्यात अबू जासिम यांचा हिस्सा, आणि आता हे. मला शकुन वाटला. टेप घडी करून पर्समध्ये ठेवली, मापाचा ई-मेल पाठवला आणि दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

दांडा वेळेवर आला. मी स्टीलच्या टेपेनं मोजला, बरोबर सव्वाएक्कावन्न. बसवताना शौकत चाचा गाडीखालून म्हणाले, "बेटी, थोड़ा बाहर लगता है." मी त्यांना ई-मेल दाखवला, दांड्यावरचं लेबल दाखवलं. कागद आणि वस्तू जुळली की माणूस जगाकडे बघायचं बंद करतो. शौकत चाचांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. आम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या खड्ड्यांतून दोन फेऱ्या मारल्या, हळू. कबुतरं उडाली, सगळं छान.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी अण्णा लग्नातला कोट घालून लवकर गेले. मी दुपारी कॉर्निशवर जाणार होते. पोहे खात होते. आई जमिनीवर कापड पसरून खुणा करत होती, टेप लावायची, खडूनं खूण करायची, आणि प्रत्येक खुणेच्या अलीकडे करंगळीच्या नखाएवढं सरकून दुसरी खूण. हे मी जन्मभर पाहत आले होते. कधी विचारलं नव्हतं.

"दोन दोन खुणा कशाला करतेस गं?"

"ही टेप लबाड आहे," आई म्हणाली, तोंडात टाचण्या धरून. "ताणलीय. वारामागं पाऊण इंच खाते. म्हणून आपलं अलीकडे धरायचं."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "कधीपासून?"

"तू पहिलीत असशील."

"मग नवीन का नाही घेतलीस?"

"हिचं खोटं मला पाठ आहे. नवीचं कोण शिकत बसेल?"

मी माझी कॉलेजची स्टीलची पट्टी आणली आणि टेपेशेजारी लावत गेले, एकेक फूट. सव्वाएक्कावन्नाला टेप इंचभराहून जास्त खोटं बोलत होती. म्हणजे अंतर खरं सव्वाबावन्नाच्या पुढे होतं आणि दांडा इंचभरानं आखूड. गिअरबॉक्सच्या तोंडात त्याचं टोक जितकं रुतायला हवं तितकं रुतलेलं नव्हतं. खड्ड्यांतून हळू जाताना ते निभतं. हायवेवर, शंभराच्या पुढे, एखाद्या उंचवट्यावर ते टोक निसटलं तर लोखंडाचा तो दांडा जमिनीला अडकतो, आणि मग गाडी काय करेल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्याच्या शेजारी लग्नातल्या कोटात अण्णा असणार होते.

मी अण्णांना फोन लावला. तो फ्रिजवर वाजला. शौकत चाचांचा बंद. शेडच्या फोनवर नुसती घंटी. अबू जासिम यांचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये होता. मी तो तीनदा लावला, तीनदा रेकॉर्ड केलेला आवाज आला की फोन बंद आहे किंवा रेंजबाहेर. मला वाटतं अरबीत तो आवाज असंच काहीतरी सांगत होता. आई तोवर चप्पल घालून उभी होती. टेप तिनं पर्समध्ये टाकली.

टॅक्सीवाला मुलतानचा होता. "यल्ला, कितना जल्दी?" त्यानं विचारलं, आणि आईनं त्याला इतकं शांतपणे "जितना कायदे में बैठता है" असं सांगितलं की मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मुहैस्नाहजवळ कामगारांच्या बसेसची रांग लागली होती. बसमधले लोक काचेला डोकं टेकून झोपले होते. मी प्रत्येक मोरपंखी गाडीकडे बघत होते. त्या रस्त्यावर किती मोरपंखी गाड्या असतात याची कल्पना येणार नाही. आईनं एकदाच तोंड उघडलं. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ती म्हणाली. तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शेडसमोर तीन पांढऱ्या लँडक्रूझर, आपल्या जुन्या गाड्या आधीच कॉर्निशवर पोचवून आलेले तीन भाऊ, गालिचा, कॉफीची सुरई, आणि मधोमध गाडी, इंजिन चालू. अबू जासिम स्टिअरिंगवर बसलेले. पांढरा पायघोळ कंदुरा इस्त्रीचा, काळा चष्मा. अण्णा दार उघडून आत बसत होते, एक पाय आत, एक बाहेर. कबुतरं पलीकडच्या पत्र्यावर.

मी टॅक्सीतून उतरून सरळ गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. हे मी ठरवलं नव्हतं. पायच तिथे गेले.

"गाडी बंद कीजिए."

"वैजा, नंतर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, उतरा. शाफ्ट आखूड आहे."

एका भावानं अरबीत काहीतरी म्हटलं आणि बाकीचे दोघे हसले. अबू जासिम हसले नाहीत. त्यांनी किल्ली फिरवली. इतकं शांत झालं की सुरईतून कॉफी ओतल्याचा आवाज आला. शौकत चाचा न सांगता गाडीखाली गेले होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते. "दो उंगल ज्यादा बाहर है," खालून आवाज आला. "मैं पहले बोला था." मग त्यांनी हात बाहेर काढून स्टीलची टेप मागितली, आतून आकडा सांगितला, आणि तो सव्वाएक्कावन्न नव्हता.

अबू जासिम उतरले. चष्मा काढला. "नाप किसने लिया?"

"मैंने," अण्णा म्हणाले. एका क्षणाचीही वाट न बघता.

"नहीं, मैंने," मी म्हणाले.

"टेप मेरी है," आई मागून म्हणाली आणि पर्समधून काढून दाखवली.

अबू जासिम यांनी ती पिवळी टेप हातात घेतली, उलटीसुलटी केली. "ये कपड़े का है," ते म्हणाले. "इधर लोहे का दस टेप है. ये क्यों?"

या प्रश्नाची आम्हाला भीती होती. पडद्यामागची ती पूजा त्यांना माहीत होती की नव्हती, हे अण्णांना पंधरा वर्षांत कळलेलं नव्हतं, आणि त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नव्हता. माझ्या तोंडातून "टेप मिल नहीं रहा था" हे निघायच्या बेतात होतं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. मग सरळ उभं राहून, कोटाची बटणं लावत, आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. वर्षातला एक दिवस हत्यारांचा. त्या दिवशी त्यांना हळद, कुंकू, फूल. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. हे सांगताना ते तिन्ही भावांच्या तोंडांकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांना सहीची भीती वाटत नाहीये. त्यांना भीती वाटत होती ती कुणी हसेल याची.

कुणी हसलं नाही. अबू जासिम यांनी टेपेची घडी घातली.

"उस दिन हथियार को छुट्टी दिया," ते म्हणाले. "अच्छा है. लेकिन काम को छुट्टी नहीं दिया. आधा छुट्टी, उस्ताद, ये बहुत खतरनाक चीज है."

त्यांनी टेप आईला परत दिली, "शुक्रिया, मदाम," असं म्हणाले आणि रिकव्हरी ट्रक मागवला. मिरवणुकीत त्या दिवशी अबू जासिम यांची गाडी ट्रकच्या पाठीवर चढून गेली. ते आत स्टिअरिंग धरून बसले होते आणि चालत नसलेली गाडी चालवत लोकांना हात करत होते. भाऊ लाजेनं पुढे निघून गेले. डामडौलाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, पण त्या मिरवणुकीत सर्वांत उंच तेच बसले होते हे मान्य करावं लागेल. हायवेवरची शर्यत झाली नाही. नवा दांडा शारजातल्या पंजाबी लेथवाल्यानं दीड दिवसात करून दिला. लायसन्सवरची सही त्यांनी केली, पण शेवटच्या दिवशी दुपारी, आणि तोवरचे अडीच आठवडे आमच्या घरात मशीनसुद्धा हळू खडखडत होतं.

मिरवणुकीच्या दिवशी परत येताना अण्णा पिकअप चालवत होते, आई मध्ये, मी खिडकीशी. अजमान मागे पडलं.

"माप तुम्ही घेतलं असं खोटं का बोललात?" मी विचारलं.

"खोटं कुठं? त्या दिवशी पर्स उघडताना म्या बघितलं होतं तुला."

"तुम्ही तर पाठमोरे होता."

"समईचं तबक पितळेचं असतं, वैजा. चकाचक घासलेलं."

"मग थांबवलं का नाहीत?"

त्यांनी इंडिकेटर दिला, लेन बदलली, इंडिकेटर बंद केला. "घाई मलाबी होती," ते म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी पूजा पडदा न लावता केली. शटर अर्धं खाली, फोन काढून ठेवलेला, माझा लॅपटॉप बंद करून पाटावर, कुंकू लावून. शौकत चाचांचा पाना, व्हर्निअर, मायक्रोमीटर, आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची दोन फुलं वाहिलेली, आईची पिवळी टेप. दुपारी आई पर्स धुंडाळायला लागली. करामातल्या कुणाचा तरी ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता.

"अहो, टेप द्या बघू. एकच माप आहे, दोन मिनिटं."

अण्णा गुळाचा खडा तोंडात टाकत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"उद्या," ते म्हणाले.